सर्पविषाची 'स्वयंलस' : रत्नागिरीच्या फुरशाच्या संदर्भात

रत्नागिरी जिल्ह्याच्या सड्यांवर, जांभ्याच्या कातळात आणि गडग्यांच्या फटींत राहणारे फुरसे हा आकाराने लहान, परंतु प्राणघातक साप आहे. लांबी जेमतेम हात-दीड हात, रंग मातीशी मिळताजुळता. डिवचले असता अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून तो करकर असा आवाज करतो. भातकापणीच्या, गवत काढण्याच्या व बागेतील साफसफाईच्या दिवसांत त्याची आणि शेतकऱ्याची गाठ वारंवार पडते. मुलकी अधिकारी जी. डब्ल्यू. व्हिडाल यांनी १८९० साली प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, सरकारने बक्षीस लावले असताना या जिल्ह्यात सहा वर्षे दरवर्षी सरासरी २,२५,७२१ फुरशी मारून हजर करण्यात आली. त्या काळच्या जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचाही समावेश होता, हे लक्षात घेतले तरी हा आकडा थक्क करणारा आहे. फुरशी मारून संपत नाहीत, एवढे तरी त्यावरून सिद्ध झाले.

साप संपत नसेल तर माणसाचे शरीरच विषाला दाद न देणारे करता येईल काय, हा प्रश्न मग साहजिकच पुढे येतो. सर्पविषाच्या अत्यल्प मात्रा क्रमाक्रमाने टोचून घेऊन प्रतिकारक्षमता मिळविण्याचा प्रयत्न काही व्यक्तींनी केला आहे, आणि तो योग्य की अविचारी याविषयी शास्त्रज्ञांत व सर्प हाताळणाऱ्यांत दीर्घकाळ वाद चालू आहे. प्रस्तुत लेखात या वादाचे शास्त्रीय स्वरूप स्पष्ट करून, कोकणातील सर्पदंशाच्या प्रश्नाशी त्याचा संबंध कितपत पोहोचतो याचा विचार केला आहे.

'लस' या शब्दाचा घोटाळा

आरंभीच एका शब्दाचा उलगडा करणे इष्ट आहे. सर्पदंश झालेल्या रुग्णाला दवाखान्यात जे औषध टोचले जाते, त्यास मराठी बोलण्यात आणि वृत्तपत्रांतही सर्रास 'सर्पदंशाची लस' असे म्हटले जाते. शास्त्रीय दृष्ट्या ते लस नव्हे. लस शरीराला शिकविते. तिच्यातील निरुपद्रवी केलेल्या द्रव्याशी परिचय झाल्यावर शरीर स्वतः प्रतिपिंडे तयार करते. या प्रतिकारक्षमतेस सक्रिय प्रतिकारक्षमता म्हणतात. सर्पदंशावरील औषध म्हणजे घोड्याच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे होत. ती आयती उसनी घेतलेली असतात, काम करून काही दिवसांत नाहीशी होतात आणि रुग्णाच्या शरीरास काहीही शिकवीत नाहीत. ही निष्क्रिय प्रतिकारक्षमता होय. त्यामुळे त्या औषधास 'प्रतिविष' किंवा 'प्रतिविष रक्तजल' म्हणणेच योग्य. विष टोचून घेणारा मनुष्य घोड्याची भूमिका स्वतःकडे घेतो, एवढे ध्यानात घेतले म्हणजे पुढील सर्व विवेचन सुबोध होईल.

पूर्वपीठिका

विषाच्या अल्प मात्रांनी शरीर विषाला सरावते, ही कल्पना पुरातन आहे. पाँटसचा राजा मिथ्रिडेटीस याची कथा पाश्चात्त्य वाङ्मयात प्रसिद्ध आहे. आपल्याकडे 'मुद्राराक्षसा'तील विषकन्या त्याच कल्पनेच्या दुसऱ्या बाजूची साक्ष देते. प्रयोगशाळेत मात्र तिची पहिली पारख १८८७ साली झाली. अमेरिकेतील हेन्री स्यूअल यांनी कबुतरांना खुळखुळ्या सापाचे विष अल्प प्रमाणात वारंवार टोचले, तेव्हा ती कबुतरे एरव्ही प्राणघातक ठरणाऱ्या मात्रेच्या कित्येक पट विष सहन करू लागली. १८९४ साली फ्रान्समध्ये फिझालिक्स व बर्ट्रांड यांनी, आणि त्याच सुमारास आल्बेर काल्मेत यांनी, असे प्रतिकारक्षम प्राण्याचे रक्तजल दुसऱ्या प्राण्यास दिल्यास त्याचेही संरक्षण होते, हे दाखवून दिले. संरक्षण देणारे द्रव्य रक्तात असते व ते एकाच्या शरीरातून दुसऱ्याच्या शरीरात नेता येते, हा या शोधाचा गाभा होय.

आपले नागविषावरील रक्तजल सर्वच सापांवर चालेल, अशी काल्मेत यांची प्रारंभी समजूत होती. ती टिकली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी जॉर्ज लॅम्ब यांनी भारतात केलेल्या प्रयोगांत नागाच्या विषावरील रक्तजल घोणशीच्या विषापुढे निष्प्रभ ठरले. ब्राझीलमध्ये व्हितल ब्राझील हेही त्याच निष्कर्षाला आले होते. प्रतिविष हे विशिष्ट विषापुरतेच असते, हा नियम तेव्हापासून प्रस्थापित झाला. आज भारतात तयार होणारे बहुगुणी प्रतिविष याच कारणास्तव नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांची विषे एकत्र वापरून बनविले जाते.

स्वतःच्या शरीरावर प्रयोग करण्याचे एक ठळक उदाहरण मुंबईच्या इतिहासातही आहे. मुंबईत प्लेगची साथ चालू असताना १० जानेवारी १८९७ रोजी वाल्डेमार हाफकिन यांनी स्वतः तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. १९२५ पासून त्यांचे नाव धारण करणाऱ्या परळच्या संस्थेने पुढे प्रतिविष रक्तजलाची निर्मिती हाती घेतली. विष टोचून घेणारे समर्थक कधी कधी अशा उदाहरणांचा आधार घेतात. पण दोन्हींत महत्त्वाचा भेद आहे. हाफकिन यांच्या लसीतील जंतू मारलेले होते, आणि जे इतरांना द्यावयाचे ते निर्धोक आहे काय याची ती एकवारची परीक्षा होती. स्वयंलस घेणारा जिवंत कार्यशक्ती असलेले विषच घेतो, वर्षानुवर्षे घेतो, आणि त्यातून मिळणारे संरक्षण प्रायः त्याच्या एकट्याचेच असते.

दोन व्यक्ती आणि एक शोधनिबंध

आधुनिक काळात या मार्गाने गेलेल्यांत अमेरिकेतील बिल हास्ट यांचे नाव अग्रगण्य आहे. फ्लॉरिडात सर्पालय चालविणाऱ्या हास्ट यांनी १९४८ साली नागाचे सौम्य केलेले विष टोचून घेण्यास प्रारंभ केला. त्यांना १७० हून अधिक वेळा सर्पदंश झाले, तरी २०११ साली मृत्यू आला तेव्हा ते शंभर वर्षांचे होते. अनेक सर्पदष्टांसाठी त्यांनी आपले रक्त दिले. मात्र त्यांचे हात दंशांनी विद्रूप झाले होते, आणि एका चापडा-वर्गीय सापाच्या दंशाने त्यांना एक बोटही गमवावे लागले. नागविषाची सवय झालेल्या शरीरास व्हायपर कुळातील विषाने झालेली ही इजा पुढील विवेचनाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

दुसरे उदाहरण विस्कॉन्सिन राज्यातील टिम फ्रीड यांचे. सुमारे अठरा वर्षे त्यांनी सोळा जातींच्या सापांची विषे ८५६ वेळा घेतली. आरंभीच्याच काळात दोन नागांच्या लागोपाठच्या दंशांनी ते बेशुद्ध होऊन मरणाच्या दारात पोहोचले होते. पुढे संशोधकांनी त्यांच्या रक्तातून दोन व्यापक प्रतिपिंडे वेगळी केली, त्यांना व्हॅरेस्प्लॅडिब या लघुरेणू औषधाची जोड दिली आणि मे २०२५ मध्ये 'सेल' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. नाग-मण्यार कुळातील १९ जातींच्या विषांवर उंदरांत या मिश्रणाची परीक्षा झाली. त्यांपैकी १३ जातींच्या विषापासून पूर्ण व उरलेल्या सहांपासून अंशतः संरक्षण मिळाले.

या निबंधाने जुना वाद नव्याने पेटला. समर्थकांच्या मते स्वयंलसीची यथार्थता यातून सिद्ध झाली. वस्तुतः निबंधातून एवढेच सिद्ध होते की, मानवी शरीर निरनिराळ्या सर्पविषांना समान असलेल्या भागावर बसणारी प्रतिपिंडे तयार करू शकते. निबंधातील औषधोपयोगी वस्तू म्हणजे प्रयोगशाळेत निर्माण करता येणारी ती दोन प्रतिपिंडे. शिवाय हे संरक्षण केवळ नाग-मण्यार कुळापुरते आहे. घोणस आणि फुरसे हे व्हायपर कुळातील साप त्याच्या कक्षेबाहेर राहतात. म्हणजेच ज्या सापाने रत्नागिरीच्या शेतकऱ्याचा पाय धरलेला असतो, त्याच्याविषयी या बहुचर्चित संशोधनात तूर्त काहीच नाही.

हिशेब काय सांगतो ?

सक्रिय प्रतिकारक्षमता सर्पविषास पुरी पडेल काय, हे ठरविण्यासाठी मात्रा, वेळ आणि स्थान अशा तीन बाबींचा विचार करावा लागतो.

प्रथम मात्रा. धनुर्वाताच्या लसीशी तुलना केल्यास मुद्दा स्पष्ट होतो. धनुर्वाताचे विष शरीराच्या दर किलोग्रॅमास सुमारे अडीच नॅनोग्रॅम इतके अल्प असतानाही मारक ठरते. निष्प्रभ करावयाचे द्रव्यच इतके थोडे असल्याने रक्तातील अल्पशी प्रतिपिंडे पुरतात. सर्पदंशात मात्र विष मिलिग्रॅमांनी मोजावे लागते. नागाच्या विषातील मुख्य चेताविषाचा रेणुभार सुमारे ७,००० असतो, तर प्रतिपिंडाचा सुमारे १,५०,०००. एक प्रतिपिंड फार तर दोन रेणू धरू शकते. यावरून एक मिलिग्रॅम चेताविष बांधून ठेवण्यास किमान दहा मिलिग्रॅम विशिष्ट प्रतिपिंडे लागतात असे निघते. दंशात असे ५० मिलिग्रॅम विष शरीरात गेले असे धरल्यास निदान ५०० मिलिग्रॅम प्रतिपिंडे रक्तात सदैव सिद्ध हवीत. प्रौढ मनुष्याच्या रक्तद्रवातील या प्रकारच्या सर्व प्रतिपिंडांचे वजन तीस ग्रॅमांच्या आसपास असते. तेव्हा त्यांचा साठावा भाग केवळ एका जातीच्या सापासाठी राखून ठेवण्यासारखे हे आहे. ही गोष्ट अशक्य नाही, हास्ट व फ्रीड यांचे जगणे हाच त्याचा पुरावा. पण ती सहजसाध्यही नाही.

फुरशाच्या बाबतीत हा हिशेब वरकरणी अनुकूल भासतो. त्याच्या दंशातील विष पुष्कळच कमी, आणि त्यातील मुख्य विघटक प्रथिनांचा रेणुभार मोठा असल्याने दर मिलिग्रॅमास लागणारी प्रतिपिंडेही थोडी. येथे अडचण उरलेल्या दोन बाबींत येते.

दुसरी बाब वेळ. प्रतिपिंडांचे रक्तातील प्रमाण सुमारे तीन आठवड्यांत निम्मे होते आणि मात्रा थांबविल्यास संरक्षण ओसरू लागते. शरीराला विषाची 'स्मृती' राहते हे खरे, परंतु त्या स्मृतीतून नवी प्रतिपिंडे पुरेशा संख्येने तयार होण्यास काही दिवस लागतात. फुरशाचे विष काही तासांतच रक्त गोठविणारे घटक खर्ची घालून टाकते. मग हिरड्यांतून, जखमेतून, लघवीतून रक्तस्राव सुरू होतो. म्हणून स्मृतीवर विसंबता येत नाही, प्रतिपिंडांची पातळी दंशाच्या क्षणीच उच्च असावी लागते. ती तशी राखावयाची तर विष आयुष्यभर टोचून घेत राहणे प्राप्त होते.

तिसरी बाब स्थान. व्हायपर कुळातील विषे दंशाच्या जागी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती व पेशीजाल यांचा नाश करतात, आणि हे कार्य दंशानंतर अल्पावधीतच सुरू होते. प्रतिपिंडे रक्तात फिरत असतात. त्यांचा लोंढा त्या जागी पोहोचेपर्यंत नाश होऊन गेलेला असतो. प्रतिविष शिरेतून दिले तरी स्थानिक इजा पुष्कळदा टळत नाही, त्याचे कारणही हेच. हास्ट यांच्या गमावलेल्या बोटाचा अर्थ येथे लागतो.

स्वयंलसीचे अपाय

लाभ अनिश्चित असताना हानी मात्र निश्चित स्वरूपाची आहे. व्हायपर कुळातील विष कितीही सौम्य केले तरी टोचल्या जागी गळू, पेशीनाश व व्रण होण्याचा संभव राहतो. सापाच्या दातांतून घरगुती रीतीने काढलेले विष निर्जंतुक नसते. त्यातील द्रव्यांचे प्रमाण सापाच्या वयाप्रमाणे, ऋतूप्रमाणे व प्रदेशाप्रमाणे बदलते. म्हणून कालची सुरक्षित मात्रा उद्या सुरक्षित असेलच असे नाही. वारंवार येणाऱ्या परक्या प्रथिनांमुळे मूत्रपिंडांवर ताण येण्याची भीती असते, आणि घोणस व फुरसे यांची विषे मूत्रपिंडांस आधीच घातक आहेत.

सर्वांत दुर्लक्षिला जाणारा धोका अधिहृषतेचा आहे. विषाशी वारंवार संपर्क आल्याने शरीर संरक्षक प्रतिपिंडेच तयार करील असे नाही. काही व्यक्तींत ते वावडे निर्माण करणारी प्रतिपिंडे तयार करते. अशा व्यक्तीस पुढील दंश, किंबहुना पुढील टोचणीसुद्धा, काही मिनिटांत रक्तदाब कोसळवून मृत्यूच्या दारी नेऊ शकते. सर्प हाताळणाऱ्यांत अशी उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. विषाने जे तासांत घडले असते ते वावड्याने मिनिटांत घडते. याखेरीज एक मानसिक अपायही आहे. आपण सुरक्षित आहोत असे वाटणारा सर्पमित्र साप बेफिकिरीने हाताळतो आणि दंश झाल्यावर रुग्णालयात जाण्यास विलंब लावतो.

सामुदायिक लसीकरणाचे प्रयोग

व्यक्तीने स्वतः विष घेणे वेगळे आणि निर्विष केलेल्या विषाने जनतेस पद्धतशीर लस देणे वेगळे. दुसऱ्या मार्गाचाही अवलंब झालेला आहे. जपानच्या दक्षिणेकडील बेटांवर 'हाबू' नावाच्या व्हायपर-वर्गीय सापाचा उपद्रव मोठा असे. तेथे योशिओ सावाई व त्यांचे सहकारी यांनी १९६० नंतरच्या दशकात विषाची घातकता रासायनिक क्रियेने नष्ट करून बनविलेली लस हजारो ग्रामस्थांना दिली. ब्रह्मदेशातही घोणशीच्या विषापासून बनविलेल्या अशा लसीची मानवावर परीक्षा झाली. तेथे घोणस ही भातशेतकऱ्यांची वैरीण मानली जाते, तेव्हा परिस्थिती कोकणाशी मिळतीजुळतीच म्हणावी लागेल. लस घेतलेल्यांच्या रक्तात प्रतिपिंडे उत्पन्न होत, परंतु त्यांची पातळी टिकविण्यास पुनःपुन्हा मात्रा आवश्यक ठरत. या लसी सार्वत्रिक उपयोगात आल्या नाहीत.

रत्नागिरीपुरता विचार केला तरी हाच निष्कर्ष निघतो. एखाद्या शेतकऱ्यास आयुष्यात एकदा दंश होईल, किंवा होणारही नाही. त्या एका शक्यतेसाठी गावातील प्रत्येकास चार सापांच्या विषांची आजन्म टोचणी देत राहणे वैद्यकीय दृष्ट्या आणि व्यावहारिक दृष्ट्याही समर्थनीय ठरत नाही. उलट गरज पडेल त्यालाच, गरज पडेल तेव्हाच द्यावयाचे औषध जवळच्या आरोग्य केंद्रात ठेवणे स्वस्त व खात्रीचे आहे.

नीतीचा प्रश्न

वादाची एक बाजू नैतिक आहे. स्वतःचे शरीर धोक्यात घालण्याचा अधिकार प्रौढ व्यक्तीस आहे, हे मान्य केले तरी संशोधकाने त्या धोक्याचे फलित स्वीकारावे काय ? स्वीकारल्यास इतरांना तसे करण्याचे उत्तेजन मिळेल, असा एक पक्ष. जे घडून गेले आहे त्यापासून मिळणारे ज्ञान टाकून देणे हा रुग्णांवर अन्याय आहे, असा दुसरा. २०२५ च्या संशोधकांनी आपण त्या व्यक्तीस विष घेण्यास प्रवृत्त केले नाही व इतर कोणीही तसे करू नये, असे सांगून मधला मार्ग धरला. एकदा प्रतिपिंडांची जनुकीय रचना हाती आली की ती प्रयोगशाळेत हवी तितकी निर्माण करता येतात, तेव्हा दुसऱ्या मनुष्याने तोच मार्ग चोखाळण्याचे शास्त्रीय प्रयोजनही उरत नाही. भारतात तर या प्रश्नास कायद्याचीही बाजू आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये औषधनिर्मितीसाठी सर्पविष काढण्यास परवाना लागतो. वैयक्तिक हौसेसाठी साप बाळगणे व त्याचे विष काढणे हा गुन्हा ठरतो.

कोकणाची खरी निकड

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० लोक सर्पदंशाने मृत्यू पावले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला, आणि भारत सरकारने २०२४ साली त्याविषयी राष्ट्रीय कृतियोजना जाहीर केली. या मृत्यूंचे कारण माणसाचे शरीर विषाला सरावलेले नाही, हे नव्हे. दंश आणि प्रतिविष यांच्यामध्ये जाणारा वेळ हे त्यांचे प्रमुख कारण आहे.

प्रतिविषातही उणिवा आहेत. भारतीय प्रतिविषाचा एक मिलिलिटर फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतो, म्हणजे दहा मिलिलिटरच्या एका कुपीने साडेचार मिलिग्रॅम. त्यासाठी लागणारे विष दीर्घकाळ मुख्यतः तामिळनाडूतील इरुळा सर्पग्राहकांच्या सहकारी संस्थेकडून घेतले जात आले आहे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशपरत्वे भिन्न असते हे लक्षात घेता, कोकणच्या फुरशावर ते कितपत प्रभावी आहे याची स्थानिक विषावर परीक्षा होणे अगत्याचे आहे. जीवशास्त्र व जीवरसायनशास्त्र या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे विस्तृत कार्यक्षेत्र उपलब्ध आहे. चापडा-वर्गीय सापांच्या विषांवर तर भारतीय प्रतिविषात काहीच योजना नाही.

याबाबतीत शेजारच्या महाडचा अनुभव बोधप्रद आहे. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी कित्येक मुले दगावत. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण रुग्णालयात प्रत्यक्ष निरीक्षण करून विषाचा हृदयावरील परिणाम ओळखला व प्राझोसिन या सहज उपलब्ध औषधाने मृत्यूंचे प्रमाण पुष्कळच खाली आणले. तेथे कोणाचेही शरीर विषाला सरावविण्याची गरज पडली नाही. रोगाची क्रिया समजून घेऊन योग्य औषध योग्य वेळी जवळच्या केंद्रात उपलब्ध होणे, एवढे पुरेसे ठरले.

फुरशाच्या दंशाचे निदानही याच पद्धतीने सुलभ झाले आहे. रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ कोरड्या काचनळीत वीस मिनिटे स्थिर ठेवावे. ते गोठले नाही तर विषबाधा झाली असे समजून प्रतिविष द्यावे. या परीक्षेस यंत्र लागत नाही, आणि कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात ती करता येते. ज्या दिवशी भातकापणीला गेलेल्या माणसास दंश झाल्यावर मांत्रिकाकडे न जाता, पायाला करकचून दोरी न बांधता, काही वेळातच अशा केंद्रात पोहोचता येईल, त्या दिवशी त्याच्या रक्तात प्रतिपिंडे आधीपासून आहेत की नाहीत हा प्रश्न गौण ठरेल.